जनुकांच्या वाचनाचे रसायन

यकृताची पेशी आणि डोळ्याच्या पडद्यातील पेशी यांच्याजवळील जनुकांचा साठा एकच असतो. तरीही यकृताची पेशी प्रकाश ओळखू लागत नाही. प्रत्येक पेशी आपल्याजवळील काही जनुकांचेच वाचन करते. उरलेली जनुके बांधून ठेवलेल्या दप्तरासारखी पडून राहतात. कोणते दप्तर केव्हा सोडावयाचे, हे ठरते कसे?

मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा सामावलेला असतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो. एका रिळात आठ हिस्टोन रेणू असतात. डीएनएवर ऋण विद्युत्भार, तर हिस्टोनच्या शेपटीतील लायसिन या ॲमिनो आम्लावर धन विद्युत्भार असल्यामुळे दोहोंची पकड घट्ट बसते. लायसिनला ॲसिटिल गट जोडला गेला की त्याचा धन भार नाहीसा होतो, पकड ढिली पडते आणि जनुकाची आरएनए-प्रत काढणाऱ्या यंत्रणेला वाट मिळते. शिवाय काही प्रथिने ही खूण ओळखून तेथे येतात व प्रतिलेखनास हातभार लावतात. हा गट निघाला की दप्तर पुन्हा बांधले जाते. या साऱ्यात जनुकातील एकही अक्षर बदलत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे.

हा विचार न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट ऑलफ्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली मांडला. वासराच्या थायमस ग्रंथीतून वेगळ्या केलेल्या केंद्रकांवर त्यांनी प्रयोग केले होते. परंतु हिस्टोन म्हणजे निव्वळ वेष्टन, ही समजूत दृढ होती. ऑलफ्रे यांना दोन गोष्टींचा संबंध दिसला होता. त्यांतील कार्यकारणभाव सिद्ध झालेला नव्हता. तेव्हा शंका घेणाऱ्यांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही.

पुढे १९८८ साली कॅलिफोर्नियात मायकेल ग्रुनस्टीन यांच्या प्रयोगशाळेत यीस्टमधील एका हिस्टोनची शेपटी कापण्यात आली. पेशी जगल्या, पण एरवी मूक राहणारी काही जनुके जागी झाली. वेष्टनाला हे कसे जमावे?

निर्णायक पुरावा १९९६ साली मिळाला, तो टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवामुळे. त्याला दोन केंद्रके असतात. मोठ्या केंद्रकात जनुकांचे वाचन चालते आणि तेथील हिस्टोन ॲसिटिलयुक्त असतात. लहान केंद्रक निद्रिस्त असते. डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने या मोठ्या केंद्रकातून ॲसिटिल गट जोडणारे एंझाइम शोधून काढले. ते यीस्टमधील अशा प्रथिनाचे भावंड निघाले, की जे जनुके जागविते हे आधीच ठाऊक होते. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाला हा गट काढून टाकणारे मानवी एंझाइम सापडले. तेही जनुकांचे नियमन करणाऱ्या यीस्टच्या एका परिचित प्रथिनासारखे होते. ऑलफ्रे यांचे म्हणणे बत्तीस वर्षांनी खरे ठरले.

काही कर्करोगांत पेशीची बेबंद वाढ रोखणारी जनुके शाबूत असूनही मिटलेली असतात. ॲसिटिल गट काढणाऱ्या एंझाइमांना अडविणारे व्होरिनोस्टॅट हे औषध त्वचेतील टी-पेशींच्या एका कर्करोगासाठी अमेरिकेत २००६ साली मान्य झाले. मात्र हे औषध हवे तेवढेच रीळ सोडवीत नाही. एकाच वेळी अनेक ठिकाणची पकड सैल करते. रुग्णाला येणारा थकवा, जुलाब आणि रक्तातील बिंबाणूंची घट ही त्या उपचाराची किंमत आहे.