वंगाचे ‘द्रुतद्राव’ लक्षण आणि द्विघटक मिश्रणांचे द्रवण

अमृतधारा प्रत्येक वैद्याच्या परिचयाची आहे. कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि ओव्याचे सत्त्व ही तिन्ही द्रव्ये घनरूप असतात. त्यांचे वितळबिंदू अनुक्रमे सुमारे १७५, ४२ व ५० अंश सेल्सिअस आहेत. तरीही ती बाटलीत एकत्र केली असता अग्निसंस्काराशिवाय द्रवरूप होतात. यांपैकी कापूर व ओव्याचे सत्त्व ही दोनच घेतली तरी हाच अनुभव येतो. ही घटना केवळ कौतुकाची नसून रसशाळेतील द्रव्यपरीक्षेशी तिचा निकटचा संबंध आहे. तो प्रस्तुत लेखात आम्ही मांडत आहोत.

रसरत्नसमुच्चयात वंगाचे खुरक व मिश्रक असे दोन भेद सांगितले आहेत. धवल, मृदु, स्निग्ध, गुरु व द्रुतद्राव म्हणजे लवकर वितळणारे ते खुरक. तेच ग्राह्य होय. श्यामशुभ्र मिश्रक मात्र अहितकर मानले आहे. व्यवहारात ‘लवकर वितळले म्हणजे वंग उत्तम’ एवढ्यावरच परीक्षा थांबली, तर मोठी फसगत संभवते.

शुद्ध वंग २३२ अंशांवर वितळते, तर शुद्ध नाग ३२७ अंशांवर. त्यांचे मिश्रण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी वितळेल असे वाटते. पण तसे घडत नाही. आडव्या अक्षावर मिश्रणाचे प्रमाण (डावीकडे शुद्ध नाग, उजवीकडे शुद्ध वंग) आणि उभ्या अक्षावर तापमान घेऊन आलेख काढावा. मिश्रणाचे गोठणे जेथे सुरू होते ते बिंदू जोडले असता दोन रेषा मिळतात. दोन्ही बाजूंनी खाली उतरत त्या १८३ अंशांवर एकमेकींस मिळतात. तेथे वजनाने सुमारे ६२ भाग वंग व ३८ भाग नाग असतो. याला प्रावस्था-आलेख म्हणतात, व त्या नीचतम बिंदूस यूटेक्टिक, म्हणजे सुलभद्रावी बिंदू. हा शब्द फ्रेडरिक गथ्री यांनी १८८४ मध्ये रूढ केला. परक्या घटकाचे कण द्रवात मिसळले की मूळ द्रव्याचे स्फटिक बनण्यास अधिक थंडावा लागतो, हे यामागील कारण. अमृतधारेतही हेच घडते.

तात्पर्य, नागाची भेसळ असलेले वंग शुद्ध वंगापेक्षाही आधी वितळू लागते. म्हणजे ‘द्रुतद्राव’ हे लक्षण एकट्याने खुरकाची साक्ष देत नाही. शास्त्रकारांनी वर्णादी लक्षणे त्याच्यासोबत सांगितली, ती याचसाठी उपयोगी पडतात.

मग परीक्षा कशी करावी? वितळण्यापेक्षा गोठणे पाहावे. कोरड्या लोखंडी पळीत वंग वितळवून, मोकळ्या हवेत, योग्य तापमापकाने दर अर्ध्या मिनिटाने नोंद घ्यावी. शुद्ध वंगाचे तापमान २३२ अंशांवर थबकते व सर्व वंग गोठेपर्यंत तेथेच राहते. दहा टक्के नाग असल्यास गोठणे २३२ च्या खाली सुरू होते, काही काळ लगद्यासारखी अवस्था राहते आणि शेवटचा द्रव १८३ अंशांवर थबकून गोठतो. हा दुसरा थांबा भेसळीची खूण होय.

या परीक्षेची मर्यादाही ध्यानात ठेवावी. सुमारे अडीच टक्क्यांपर्यंतचा नाग घन वंगातच सामावू शकतो. तेव्हा १८३ अंशांचा थांबा दिसेलच असे नाही. म्हणून ही परीक्षा भेसळयुक्त माल नाकारण्यासाठी वापरावी, शुद्धतेचे प्रमाणपत्र देण्यासाठी नव्हे. अंतिम निर्णय प्रयोगशाळेतील विश्लेषणावरच सोपवावा.

नाशिकच्या तांबट आळीची भांडी आपल्या घरोघरी आहेत. तांब्यापितळेच्या ज्या भांड्यांत आपण क्वाथ सिद्ध करतो, त्यांच्या कल्हईलाही हाच न्याय लागू आहे. नागमिश्रित कथील कमी आचेवर सहज पसरते. परंतु आम्ल द्रव्यांच्या संपर्काने त्यातील नाग औषधात उतरू शकतो. कल्हईसाठी कथील आपणच पारखून द्यावे, हे उत्तम.

प्रमेहाच्या रुग्णास आपण वंगभस्म लिहून देतो, तेव्हा त्याला नकळत नाग दिला जाऊ नये, ही जबाबदारी प्रथम आपली आहे. ढालनाला आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक नव्या वंगाचा गोठण-आलेख काढून तो रसशाळेच्या नोंदवहीत जोडावा, अशी आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.