पट्टा तुटला, पण दोष कुणाचा?



दळण आणायला गिरणीत गेलात की एकदा लांबूनच मोटरकडे पाहा. मोटरच्या दांड्यावर एक लहान चाक आणि जात्याच्या दांड्यावर एक मोठे चाक दिसेल. या चाकांना पुली म्हणतात आणि त्यांना जोडणाऱ्या रबरी पट्ट्याला बेल्ट. उद्यमबागेतील कारखान्यांत, हवेच्या कॉम्प्रेसरला, शेतावरच्या कडबा कापण्याच्या यंत्राला हीच जोडी चालवते. बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले. यंत्रांशी आपल्या गावाचे नाते असे जुने आहे.

पुलीचे गणित सोपे आहे. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, तिची पुली १०० मिलिमीटर व्यासाची आणि यंत्राची २०० मिलिमीटर व्यासाची असेल, तर यंत्र ७२० फेरे घेईल. व्यास दुप्पट, फेरे निम्मे.

आता पट्टा पाहू. व्ही आकाराचा पट्टा वर रुंद आणि खाली अरुंद असतो. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. तो खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही बाजूंनी खाचेला धरतो. म्हणूनच दोन्ही पुल्या एका रेषेत असाव्या लागतात. त्या नसल्या की पट्टा एकाच बाजूला घासतो, तापतो, खाली काळी भुकटी पडते आणि बेअरिंगवर आडवा ताण येतो. अशा वेळी बहुतेक जण पट्टा आणखी ताणतात किंवा नवा आणतात. पण पुल्या वाकड्याच राहिल्या तर नवा पट्टाही जुन्याच्याच वाटेने जातो. पैसे जातात, दोष तसाच राहतो.

करून पाहा

एका फळीवर दोन खिळे सरळ ठोका. त्यांत दोऱ्याची दोन रिकामी रिळे घाला आणि त्यांवर रबरबँड चढवा. एक रीळ फिरवा, दुसरे सहज फिरेल. आता एक खिळा थोडा तिरका करा. रबर एका कडेला जाऊन घासू लागेल. हाच तो दोष.

रेषा कशी तपासतात?

हे काम जाणत्या माणसाचे आहे. तो काय करतो ते समजून घ्या.

१) स्विच बंद करून फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवतो आणि यंत्र पूर्ण थांबू देतो.

२) दोन्ही पुल्या दांड्यावर घट्ट आहेत का, हाताने फिरवल्यावर डगमगतात का, ते पाहतो.

३) मोठ्या पुलीच्या बाहेरच्या कडेला दोन ठिकाणी टेकेल अशी सुतळी लहान पुलीपर्यंत ताणतो. सुतळी कुठेही न वाकता दोन्ही पुल्यांना मिळून चार ठिकाणी टेकली, तर पुल्या एका रेषेत आहेत. लहान पुलीच्या दोन्ही कडांपाशी सारखीच फट राहिली, तर दांडे समांतर आहेत पण पुली मागे आहे. ती दांड्यावर सरकवायची. एका कडेला टेकली आणि दुसरीकडे फट राहिली, तर मोटरच तिरकी बसली आहे. बोल्ट सैल करून ती फिरवायची. मात्र दोन पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असेल तर तेवढा फरक धरावा लागतो. खरी जुळणी खाचेची खाचेशी असते, कडेची कडेशी नव्हे.

४) बोल्ट आवळताना मोटर हलते. म्हणून आवळल्यावर सुतळी पुन्हा लावतो.

५) शेवटी ताण पाहतो. एक ढोबळ नियम असा: दोन पुल्यांमधला मोकळा पट्टा ५०० मिलिमीटर असेल, तर मध्यावर बेताने दाबल्यावर तो सुमारे ८ मिलिमीटर खाली जावा. नवा पट्टा थोडा लांबतो, म्हणून एक-दोन दिवसांनी ताण पुन्हा तपासायचा.

नवा पट्टा पेचकसाने ओढून चढवू नये, आतले दोरे तुटतात. मोटर जवळ सरकवावी, मग पट्टा घालावा. एका पुलीवर तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदलावेत. नाहीतर लांबलेले जुने ढिले राहतात आणि सगळा भार नव्यावर येतो.

पालकांसाठी दोन शब्द

फिरता पट्टा आणि पुली जिथे भेटतात तिथे बोट, ओढणी, पदर किंवा बाही क्षणात ओढली जाते. फिरत्या भागांना कुंपण असावे असे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते. घरच्या गिरणीला किंवा छोट्या वर्कशॉपला कुणी तपासनीस येत नाही, म्हणून तिथली काळजी आपणच घ्यायची. दुरुस्तीसाठी काढलेली जाळी परत बसवल्याशिवाय स्विच लावू नये, आणि चालत्या पट्ट्याला कुणीही हात लावू नये.

स्वाध्याय

१) मोटरचे फेरे १४४०, तिची पुली ७५ मिलिमीटर, यंत्राची पुली ३०० मिलिमीटर. यंत्राचे फेरे किती?

२) रिळांवरचा रबरबँड इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घाला. दुसरे रीळ कोणत्या दिशेला फिरते? का?

३) पट्टा खाचेच्या तळाला टेकला तर त्याची पकड का कमी होईल?

उत्तरे वहीत लिहा आणि विज्ञानाच्या तासाला दाखवा.