मंचाची गाडी

शाळेचे संमेलन असो, गणपतीपुढचे नाटक असो, की सभा असो. मंच लागतोच. घोड्यांवर फळ्या टाकायच्या, वर सतरंजी अंथरायची, की झाला मंच. खेडोपाडी अजून असाच मंच करतात. पण शहरातल्या सभागृहांत आणि मोठ्या शाळांत तयार चौकटी असतात. खाली लाकडी चौकट, वर जाड प्लायवूड, आणि मिटणारे पाय. नाटकवाले तिला ‘लेव्हल’ म्हणतात. एकीला एक लावली की पाहिजे तेवढा मंच तयार. काम संपले की पाय मिटायचे, लेव्हली चाकांच्या गाडीवर चढवायच्या आणि गाडी कोठीत न्यायची.

हे काम कोण करतो? हॉलवरचा गडी करतो. शाळेचा शिपाई करतो. मंडळाची पोरे करतात. तेही रात्री, खेळ संपल्यावर. अंग दमलेले असते, डोळ्यांवर झोप असते, शेवटची बस गाठायची असते. हात-पाय सापडतात ते अशाच वेळी. म्हणून हा धडा नीट वाचा.

आधी वजन पाहू. ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद लाकडी लेव्हल साधारण ६० किलो भरते. खताचे एक पोते साधारण ४५ ते ५० किलोचे असते. म्हणजे लेव्हल पोत्यापेक्षा जड. शिवाय पोते पाठीवर बसते, लेव्हल बसत नाही. एका गड्याने ५५ किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये, असे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ सालीच सांगून ठेवले आहे. तेव्हा एकट्याने लेव्हल उचलणे ही मर्दुमकी नव्हे. दोघांनी उचलावी. चौघे असतील तर फारच चांगले. उचलताना गुडघे वाकवा, कंबर वाकवू नका. पायांत चप्पल नको, बूट पाहिजेत.

आता गाडी पाहू. चांगल्या गाडीवर पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर गाडी किती भार सोसते ते लिहिलेले असते. आता तुम्हांला वाचता येते, तर ती पट्टी वाचा. समजा, तिच्यावर ५०० किलो लिहिले आहे. मग लेव्हली किती चढवाल? ६० गुणिले ८ म्हणजे ४८०. नववी चढवली की ५४०. म्हणजे आठच. “एकीने काय होतंय?” असे कोणीतरी म्हणतोच. त्याला पट्टी वाचून दाखवा. पट्टी नसेल तर व्यवस्थापकाला विचारा, आणि मिळालेला आकडा रंगाने गाडीवर लिहून टाका. पुढच्या गड्याला तो उपयोगी पडेल.

लेव्हली गाडीवर आडव्या रचल्या तर ढीग बुटका राहतो. बुटका ढीग सहसा कलंडत नाही. माझे मत विचाराल तर जागा असेल तिथे आडव्याच रचाव्यात. दोन लेव्हलींमध्ये लाकडी पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे बोटे चेंगरत नाहीत. पण पुष्कळ ठिकाणी दार असते ३ फुटांचे आणि लेव्हल ४ फुटांची. मग ती दारातून जाणार कशी? म्हणून उभ्या ठेवायच्या गाड्या निघाल्या. अशा गाडीच्या मधोमध एक चौकट असते. ती कौलारू घराच्या आढ्यासारखी वर निमुळती असते. तिला दोन्ही अंगांनी लेव्हली टेकवायच्या.

या गाडीची सगळी गोम इथेच आहे. ती तराजूसारखी आहे. डावीकडे चार, उजवीकडे चार, तर गाडी स्थिर. डावीकडे चार आणि उजवीकडे एकही नाही, म्हणजे २४० किलो एकाच अंगाला. मग गाडी त्या अंगाला कलंडते. म्हणून चढवताना एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे, असे चालायचे.

चढवताना हे पुष्कळांच्या ध्यानात राहते. उतरवताना राहत नाही. भरलेली गाडी भक्कम दिसते. अर्धी रिकामी झाली की तीच दगा देते.

एका सभागृहात असे झाले. गाडी भिंतीलगत, दीड हात अंतर सोडून उभी केली होती. भिंतीकडच्या बाजूला दोन माणसे उभी राहायला जागा नव्हती. पोरांनी पट्टा सोडला आणि मोकळ्या बाजूच्या लेव्हली एकामागून एक काढल्या. चौथी निघाली तशी गाडी भिंतीकडे झुकली. एक जण धावत त्या फटीत शिरला आणि खांदा लावला. २४० किलोंना खांदा! मांडीचे हाड मोडले. चार महिने तो घरी होता. रोजंदारीचा माणूस, त्याच्या घरच्यांनी ते चार महिने कसे काढले असतील? गाडी भिंतीपासून लांब उभी केली असती, तर दोन्ही बाजूंनी माणसे राहिली असती आणि हे घडलेच नसते.

तिथल्या जुन्या मुकादमाने नंतर पोरांना गोळा केले.

“हे बघा रे पोरांनो, पडायला लागली तर धरायची नाही. ‘सोडा’ म्हणून ओरडायचं आणि बाजूला व्हायचं.”

एक पोरगा म्हणाला, “काका, पण लेव्हल फुटली तर पैसे कापतात. मग धरावंच लागतं.”

मुकादम गप्प झाला. पोरगा खरे तेच बोलला होता.

माणूस जड वस्तूला हात लावतो तो नुसत्या सवयीने नव्हे. पगार कापला जाईल, बोलणी बसतील, ही भीती त्याला हात लावायला लावते. म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापकाने आधीच तोंडाने सांगून टाकावे, की पडलेल्या लेव्हलीचे पैसे कोणाकडून घेणार नाही. फुटलेली लेव्हल सुतार दुरुस्त करील. व्यवस्थापक स्वतः सांगत नसेल, तर चौघांनी मिळून त्याला विचारावे. विचारायला लाज कसली?

आता गाडी हलवायची. आधी लेव्हली पट्ट्याने आवळा. पट्टा नसेल तर जाड सुती दोर घ्या. गाठ पक्की मारा. सुरगाठ नको, ती एका हिसक्याने सुटते.

गाडी ओढू नका, ढकला. ओढणाऱ्याच्या टाचेवर चाक येते. उभ्या लेव्हलींमुळे ढकलणाऱ्याला पुढचे दिसत नाही, म्हणून एका माणसाने पुढे चालावे. अगदी समोर नव्हे, जरा बाजूला. ‘चला’ आणि ‘थांबा’ त्यानेच म्हणायचे. चार जण चार हुकूम देऊ लागले की घोटाळा होतो.

वाटेतली वायर, उंबरठा, फरशीची फट आधी पाहून घ्या. बस एकदम थांबली की उभा माणूस पुढे झुकतो. गाडीचेही तसेच आहे. चाक अडकले की खालचा भाग थांबतो आणि वरचा पुढे जातो.

उताराची गंमत ऐका. १२ फुटांत १ फूट उतार फार वाटत नाही. पण ४८० किलोंचा बारावा भाग म्हणजे ४० किलो. तेवढ्या जोराने माल खाली ओढतो. गाडीचे वजन आणखी वेगळे. ६ फुटांत १ फूट उतार असेल तर ८० किलो! म्हणून चढ-उतारावर अर्धाच माल न्या. दोन खेपा होतील, होऊ द्या. वरच्या बाजूने दोर धरा. एकाने लाकडी पाचर घेऊन बाजूने चालावे. पाचरीला लांब दांडा असावा, म्हणजे चाकाखाली हात घालावा लागत नाही. गाडीच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. सुटलेली गाडी पायाने थांबवायला जाऊ नये.

कोठीत गाडी सपाट जागी लावा. चाकांना ब्रेक असेल तर तो दाबा, नसेल तर दोन्ही बाजूंनी पाचरी मारा. पट्टा सोडू नका, तो पुढच्या कार्यक्रमापर्यंत तसाच राहू द्या. आणि कोठीला कुलूप लावा. शाळेत तर हे फार जरुरीचे आहे, कारण चाकांची गाडी दिसली की मुले तिच्यावर चढतातच.