अंगणातील पाखरे : ओळख, उपयोग आणि मुलांचा अभ्यास



फाल्गुन सरून चैत्र लागतो, तेव्हा आपल्याकडे कामाची एकच गर्दी असते. तोडणीची शेवटची घाई, खोडव्याचे पाणी, सुरू उसाची बाळबांधणी आणि त्यातच पोरांच्या परीक्षा. नेमक्या याच दिवसांत आपल्या परसातल्या पाखरांचाही हंगाम जोरात असतो. पळस, पांगारा, शेवगा फुललेला असतो, किडे-अळ्या मिळतात, म्हणून पाखरे घरटी बांधतात. पैसा न खर्चता मुलांना शिकवता येईल असा हा धडा आहे. तो दाराशी आलेला असताना आपण तो वाया घालवू नये, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम ओळख

चिमणी सर्वांना ठाऊक. पण नर कोणता, मादी कोणती, हे मुलांना विचारून बघा. गळ्याखाली काळा डाग असतो तो नर. मादी साधी, मातकट रंगाची.

शिंपी हे अंगठ्याएवढे हिरवट पाखरू. लिंबाच्या किंवा जास्वंदीच्या झुडपात पाने एकत्र शिवून त्यात घरटे करते. चोचीने पानाला भोके पाडून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा त्यातून ओवते. शेपटी सदा वर.

दयाळ काळा-पांढरा, मादी राखाडी. पहाटे झाडाच्या शेंड्यावर किंवा खांबावर बसून गोड शीळ घालतो. एरवी मुका वाटणारा हा पक्षी वसंतात गळा मोकळा करतो.

तांबट हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. भर दुपारी "टुक्, टुक्" असा ठोका ऐकू येतो तो याचाच. वाळल्या फांदीत ढोली कोरून तो घर करतो आणि वड-उंबराची फळे खातो. ढोली रिकामी झाली की दुसरी पाखरे तीत राहावयास येतात. म्हणून धोका नसेल तेथे झाडाची प्रत्येक वाळकी फांदी सरपणासाठी तोडू नये.

कोकिळेबाबत मात्र आपल्या सर्वांचाच घोटाळा असतो. "कुहू" करतो तो नर. काळाभोर, डोळे लाल. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. ती आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात टाकते आणि कावळा बिचारा पिल्लाला चारा भरवत राहतो. हे ऐकले की पोरं हमखास विचारतात, "कावळ्याला कळत कसं नाही?" येथूनच अभ्यास सुरू होतो.

शेताशी संबंध काय?

चिमणी दाणे खाते, नुकसान करते, हे खरे. पण पिल्लांना ती मुख्यतः अळ्या-किडेच भरवते. सन १९५८ मध्ये चीनमध्ये सरकारी मोहीम काढून चिमण्या मारण्यात आल्या. परिणामी पिकावरील कीड वाढली आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव त्या यादीतून काढावे लागले.

नांगरामागे साळुंकी, बगळे, कावळे चालतात ते हुमणीच्या अळ्या टिपण्यासाठी. कोतवाल तारेवर बसून उडते किडे धरतो. गव्हाणी घुबड रात्रभर उंदरांवर टपलेले असते. उसात उंदीर काय नुकसान करतो हे सांगायला नको. तरीही घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारणारे आहेत. लक्ष्मीचे वाहन ते हेच.

पाखरांवर भरवसा ठेवून कीड नियंत्रण सोडा, असे आम्ही म्हणत नाही. खोडाच्या आतली खोडकिड्याची अळी पाखराच्या चोचीला सहसा लागत नाही. तिचा बंदोबस्त आपल्यालाच करावयाचा आहे. पण जे फुकट राखण करतात त्यांना आपल्या हातून विष तरी जाऊ नये. दाणेदार औषध उघड्यावर सांडू नका, पाखरे ते धान्य समजून टिपतात. ते मातीआड करा. विषाने मेलेले उंदीर पुरून टाका, कारण काही विषांमुळे ते खाणारे घुबडही मरते. पाचट पेटवले की बांधावरची झुडपे होरपळतात आणि त्यांतली घरटी, पिल्लांसह, जातात. पाचट सरीत ठेवले तर ओल टिकते, खत होते आणि घरटीही वाचतात.

मुलांबरोबर काय करावे?

१. पाणी : मातीचे पसरट भांडे, पाणी दोन इंच. मांजर दबा धरू शकणार नाही अशा जागी, सावलीत ठेवा. रोज घासून पाणी बदलावे, म्हणजे डास होत नाहीत. हे काम घरातल्या लहान मुलाकडे सोपवा.

२. खोपा : कौलारू घरे गेली, स्लॅब आले आणि चिमण्यांच्या जागा बुजल्या. लाकडी खोक्याला सव्वा ते दीड इंचाचे भोक पाडून ते वळचणीला आठ-दहा फुटांवर टांगा.

३. हिशेब : घरट्यापासून पंधरा-वीस पावले लांब, गप्प बसून अर्ध्या तासात चिमणा-चिमणीच्या किती फेऱ्या होतात ते मोजावे. समजा ६ झाल्या, तर बारा तासांच्या १४४. पिल्ले साधारण दोन आठवडे घरट्यात असतात. चौदा दिवसांच्या किती? २,०१६. हिशेब ढोबळ आहे, पण गुणाकारही होतो आणि आई-बापाचे कष्टही कळतात.

४. वही : तारीख, वेळ, पाखराचे नाव, ते काय करीत होते, एवढेच लिहावे. नाव माहीत नसेल तर रंग लिहावा आणि आजीला विचारावे. जुन्या माणसांना गावातली नावे पाठ असतात. ती त्यांच्याबरोबर जाऊ नयेत.

काय करू नये?

घरट्यात हात घालू नये, फांदी वाकवून अंडी पाहू नयेत. उघड्या अंगाचे पिल्लू खाली पडले तर हलक्या हाताने परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते, हा समज खोटा आहे. पंख फुटलेले पिल्लू जमिनीवर दिसले तर ते उडायला शिकत असते. जवळच्या झुडपावर ठेवून दूर व्हावे. पोपट पकडणे व पिंजऱ्यात पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आणि गलोल? पोराच्या हातातून ती नुसती हिसकावून भागत नाही, हातात दुसरे काही द्यावे लागते. सलीम अली लहानपणी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारीत. १९०८ च्या सुमारास मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, हे विचारायला त्यांच्या मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे मिलर्ड साहेबांनी पोराला हाकलले नाही, कपाटे उघडून पाखरांचे नमुने दाखविले. त्यातून देशाचा थोर पक्षितज्ज्ञ घडला. आपल्या पोरांनी "हे काय?" म्हणून विचारले, तर कामाच्या गडबडीत "जा तिकडं" म्हणू नका.

शेवटी एक विनंती. तोडणीच्या टोळ्या अजून फडात आहेत. कोपीवरची पोरेही याच पाखरांचा आवाज ऐकत असतात. आपली मुले वही घेऊन बसतील तेव्हा त्यांनाही हाक मारा. परसदारी बसून पाखरे मोजायला शेअर लागत नाही.

या पंधरवड्याचा अभ्यास : मुलांनी आपल्या परसातील पाच पाखरे ओळखावीत आणि एका घरट्याची नोंद ठेवावी. वह्या गट कार्यालयात दाखवाव्यात. मुलांची नोंद मोठ्यांनी लिहून देऊ नये, चुकली तरी त्यांचीच असू द्यावी.