इतिहासाचा विद्यार्थी आणि वृत्तांताची शहानिशा

पृथ्वीवर संचार करून पूर्वीच्या समाजांचा शेवट कसा झाला ते पाहा, असे पवित्र कुरआन वारंवार सांगतो. म्हणून विद्यापीठात जगाचा इतिहास शिकणे आपल्या मुलामुलींसाठी परके ज्ञान नव्हे. प्रश्न आहे तो कसा शिकावा, हा.

ट्युनिस येथे १३३२ साली जन्मलेल्या इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहून याचे उत्तर दिले. हजरत मूसा (अलै.) यांच्या सैन्यात सहा लाख वा अधिक योद्धे होते, असे अल्-मसऊदींसारखे इतिहासकार लिहीत आले होते. इब्ने खल्दून यांनी विचारले : चार पिढ्यांत वंश इतका कसा वाढेल? एवढे सैन्य रणांगणात लढेल तरी कसे? लेखक थोर असला तरी वृत्तांत पारखलाच पाहिजे. वृत्तांतात खोटेपणा शिरण्याच्या कारणांत त्यांनी पक्षाभिमानाला पहिले स्थान दिले.

सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९:६) दुराचारी माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहावर अन्याय होतो. म्हणून आपल्या पूर्वजांची स्तुती करणारा आणि इतरांची निंदा करणारा, असे दोन्ही वृत्तांत विद्यार्थ्याने एकाच तराजूत तोलावेत. ज्ञानाची अमानत अशीच सांभाळली जाते.