‘पाणी उकळून प्या’, पण कधीपर्यंत?

ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या आसपास सोसायटीची सेक्रेटरीगिरी केली की माणूस दोन गोष्टी शिकतो: पार्किंगची भांडणं आणि पाण्याच्या सूचना वाचणं. त्यातल्या पाण्याचं सांगतो.

१. गढूळ पाणी वेगळं, दूषित पाणी वेगळं. पावसाळ्यात भातसा नदीला गाळ आला की पिसे-टेमघरचं पाणी गढुळतं आणि ते शहराच्या बऱ्याच भागांत पोचतं. तेव्हा त्या सगळ्या भागांना एकच सूचना दिली तरी चालते. गटारातून गेलेली पाइपलाइन फुटते तेव्हा मात्र पाणी एका गल्लीचं नासतं. तिथे ‘नागरिकांनी पाणी उकळून व गाळून प्यावे’ एवढ्याने काय होणार? गल्लीचं नाव हवं. बाकीचे उगाच गॅस जाळतात आणि ज्यांनी खरंच उकळायला हवं त्यांना ती नेहमीची सूचना वाटते.

२. शटडाऊनच्या सूचनेत पाणी बंद व्हायची वेळ चोख असते. पाणी आल्यावर काय करायचं, ते नसतं. खरा धोका तिथेच. लाइन रिकामी झाली की दाब जातो आणि जिथे गळती असते तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून पहिलं पाणी सोडून द्यावं. मला हे आमच्या व्हॉल्व्हमनने सांगितलं, पत्रकाने नाही.

३. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, “अहो, उकळायचं थांबवायचं कधी?” मी पाणीखात्याच्या ऑफिसात फोन लावला. उत्तर आलं, “कळवू.” अजून कळवतायत.

४. ‘घाबरण्याचे कारण नाही’ हे वाक्य तपासणीचा निकाल आल्याशिवाय छापूच नये. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये पाणी दूषित असल्याचा अहवाल हातात असूनही पाणीखात्याने विचारणाऱ्यांना ‘पाणी ठीक आहे’ सांगितलं. ७ माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. शेवटी उकळण्याचा इशारा दिला तो तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याने. एवढं लांब कशाला, जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएस (गुलेन बारी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा लोक विहीर, टँकर, आरओचं पाणी, चिकन अशा सगळ्यांवरच संशय घेत होते. कुठलं पाणी तपासलं आणि त्यात काय सापडलं, हे रोज ठरल्या वेळी एकाच माणसाने सांगितलं असतं तर अर्ध्या अफवा तिथेच संपल्या असत्या.

५. नळाला क्लोरिनचा वास आला की तक्रारी येतात. मी म्हणतो, येऊ दे वास. ओटी टेस्टला, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरिन तपासताना, पाणी पिवळं झालं नाही, तर काळजी करा.

६. तक्रार केली की पहिला प्रश्न ठरलेला: “टाकी कधी धुतली?” प्रश्न रास्त आहे, पण तिथेच सगळं अडतं. म्हणून नमुना जमिनीखालच्या टाकीच्या आधी, मेन कनेक्शनच्या नळावरच घ्यावा. बाटली प्रयोगशाळेची निर्जंतुक, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवलेली, आणि तिच्यावर नळाची जागा व वेळ लिहिलेली. मग टाकीचा विषय निघत नाही.