मोटारीच्या चाकावरील चिमटा

मोटार धांवते कशी, हें मुलें आवडीनें विचारतात. ती थांबते कशी, हें फारच थोडीं विचारतात. वास्तविक दुसराच प्रश्न अधिक मोलाचा होय. म्हणून जुन्या मोटारीच्या पुढील चाकावर ब्रेकचा जो कॅलिपर असतो, त्याच्या घरगुती दुरुस्तीविषयीं आम्ही येथें थोडें सांगतों.

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी दोहों बाजूंनीं आवळणारा हा एक चिमटा आहे. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हा ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) याचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. पायाचा जोर तेलाच्या द्वारें दट्ट्यापर्यंत जातो तो याच न्यायानें. खरी गंमत पुढें आहे. दट्ट्या मागें घेण्यास येथें स्प्रिंग नसते. त्याच्या भोंवतालचें चौकोनी छेदाचें रबरी कडें दाबाच्या वेळीं किंचित् पिळतें आणि दाब सुटतांच पूर्ववत् होऊन दट्ट्यास केसभर मागें ओढतें. हें कडें ताठरलें किंवा दट्ट्यास गंज चढला, म्हणजे चिमटा सुटत नाहीं. गाडी एका अंगास ओढते, चाक तापतें व जळका वास येतो.

काम सपाट जागीं करावें. मागील चाकांस दगड लावावेत, व गाडी केवळ जॅकवर न ठेवतां खालीं भक्कम स्टँड द्यावा. सोडलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळूं देऊं नये, तारेनें टांगावा. पेडल हळूहळू दाबल्यास दट्ट्या बाहेर येतो. त्या वेळीं बोटें मध्यें नसावींत. जुनें कडें लाकडी काडीनें काढावें, लोखंडी टोकानें खोबणीस ओरखडे पडतात. दट्ट्यावर खड्डे दिसल्यास तो घांशीत बसूं नये, नवाच घ्यावा. धुण्यास रॉकेल किंवा पेट्रोल मुळींच नको, त्यानें रबर फुगतें, स्पिरिट वापरावें. नवें कडें ब्रेकच्या ताज्या तेलांत भिजवूनच बसवावें. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ३ जातीचें कोरें तेल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये अशी अट असते, शेंकडा ३.७ पाणी मुरल्यावर १४० अंशांचीच हमी उरते. मग घाट उतरतांना तेलाची वाफ होते व पेडल पोकळ लागतें.

शेवटीं हवा काढावयाची. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें कॅलिपरवरील लहान स्क्रू उघडून बुडबुडे जाऊं द्यावेत, व पेडल सोडण्यापूर्वीं तो बंद करावा. बापलेकांनीं मिळून करण्याजोगें हें काम आहे. मात्र हुकूम एकाचाच असावा! चाक बसविल्यावर गाडी जागीं उभी असतांनाच पेडल कठीण लागेपर्यंत दाबून पाहावें. तें स्पंजासारखें दबत राहिलें, तर गाडी फाटकाबाहेर नेऊं नये. जाणत्या कारागिरास घरीं बोलवावें.